सात नंबर

गुरुवार, २४ जुलै

कॉर्न स्नेक या सापाच्या अकरा पिलांपैकी आठांनी खाल्लं. पहिल्या खेपेला हे बरंच म्हणायचं.

१७ मेला मादीने चौदा अंडी घातली होती. तीन मध्येच पिवळी पडून खचली, बाकीची साठाव्या दिवशी फुटायला लागली. अंड्यांना ऊब कशी दिलीस, असं सगळे विचारतात. ऊब कसली? वडोदऱ्याचा मे महिना, दांडिया बजारातली जुनी माडी, वर पत्रा! कॉर्न स्नेकच्या अंड्यांना २८ अंशांच्या आसपास लागतं, आणि खोलीत पंख्याखालीही त्याहून कितीतरी जास्त. दोन महिने थर्मोकोलच्या खोक्याशेजारी गार पाण्याच्या बाटल्या बदलणं हाच माझा उद्योग. ऑफिसातून जेवायच्या सुट्टीत घरी यायचे ती बाटल्यांसाठी. आईला वाटायचं, तिच्या हातच्या वरणासाठी येते. वाटू दिलं.

अंड्यातून बाहेर आल्यावर आठवडाभर काही द्यायचं नसतं. बलकाचा साठा पोटात असतो, त्यावर त्यांचं चालतं. सातव्या-आठव्या दिवशी पहिली कात टाकतात आणि मग खरी भूक लागते. लागायला हवी, निदान.

प्रत्येकाचा डबा वेगळा. झाकणाला तापल्या सळईने पाडलेली भोकं, खाली टिश्यू, पाण्याचं बाटलीचं टोपण, लपायला टॉयलेट पेपरची रिकामी नळकांडी. अंगाने पेन्सिलपेक्षा बारीक, वजनाला सहा-सात ग्रॅम. पोटाखाली बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. आणि झाकण उघडलं की शेपटी टिश्यूवर थरथरवून, मान मागे घेऊन जो आव आणतात! विषाचा थेंब नाही, पण ऐट नागाची.

पिंकी घरच्याच. पिंकी म्हणजे एक-दोन दिवसांचं उंदराचं पिल्लू, डोळे मिटलेलं, बिनकेसांचं, जेमतेम दीड ग्रॅम. गच्चीवरच्या खोलीत पांढरे उंदीर आहेत, त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रीझरही आहे. आई म्हणते, "श्रावणात नाग, भाद्रपदात उंदीर. तुझ्याकडे दोन्ही देवांची सोय आहे." एक दुसऱ्याच्या पोटात जातो, हे ती बोलत नाही. मीही बोलत नाही. उंदरांचा पिंजरा साफ करताना मी त्यांच्याशी गप्पा मारायचं मात्र कधीच बंद केलंय.

तीन, सात आणि अकरा नंबरने तोंड लावलं नाही.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. आजीने पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं, सकाळपासून दिंडं उकडतायत. आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दरवर्षीची कहाणीही झाली: नांगराच्या फाळाने नागिणीची पिलं मेली आणि मग तिने काय केलं. लहानपणी मला शेतकऱ्याच्या घराची काळजी वाटायची. हल्ली पिलांचंच मनात राहतं. किती होती, कोणत्या जातीची, कात टाकून झाली होती की नाही.

पंचाईत अशी की पाच दिवस झाल्यामुळे आजच पुन्हा द्यायचं होतं. नखरेल पिलांसाठी पहिला उपाय म्हणजे पिंकी कोमट पाण्यात नीट धुऊन तिचा उंदराचा वास घालवायचा. दुसरा उपाय टाळूला सुईने छोटं भोक पाडायचा. आतला वास बाहेर आला की पिलाला ते अन्न वाटतं. आजीला विचारलं, टोचलं तर चालतं का? तिने चष्म्यावरून पाहिलं. "काय टोचणार आहेस?" सांगितलं. "कोणासाठी?" सापाच्या पिलासाठी, म्हटलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उद्या टोच. एक दिवसाने मरत नाहीत ती."

हे मात्र तिला कोणी सांगितलं नसताना अगदी बरोबर. एका दिवसाने नाहीच मरत, चांगली काही आठवडे काढतात.

रात्री नुसती धुतलेली पिंकी छोट्या डबीत पिलाबरोबर ठेवून वर फडकं टाकलं. बुधवारी सकाळी पाहिलं तर पिंकी जशीच्या तशी. तिघांचंही उत्तर तेच.

रविवार, ३ ऑगस्ट

टोचलेली पिंकी तीन आणि अकराने घेतली. सात नंबरने नाकाने ढकलून दिली आणि नळकांडीत जाऊन बसला. (की बसली. या वयात मी नर-मादी बघायच्या भानगडीत पडत नाही.) सोनाराच्या काट्यावर ५.८ ग्रॅम होता, आज ५.३.

गेल्या वर्षाचं लिहून ठेवते, म्हणजे हात शिवशिवला की वाचता येईल. तेव्हाही एक असंच होतं. तिसऱ्याच नकाराला मी धीर सोडला. चिमट्याने जबडा उघडून पिंकीचं डोकं आत घातलं. त्याने गिळलं. मला केवढा आनंद झाला, भावाला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात ओकलेली अर्धवट पिंकी, आणि पिलू एका बाजूला सैल पडलेलं. ओकल्यावर निदान दहा दिवस काही देऊ नये, हे मला माहीत होतं. मी पाचव्या दिवशी पुन्हा दिलं. आठवड्याने ते गेलं. त्याच्या भुकेपेक्षा माझी घाई मोठी होती. त्या डब्यावरचा नंबर मी यंदा लावलेलाच नाही, चारनंतर थेट सहा आहे. अकरा पिलं आणि शेवटचा डबा बारा, हे आईच्या लक्षात आलं. "पाच कुठंय?" म्हणाली. पळाला, असं सांगितलं. मग दोन दिवस ती चपला झटकून घालत होती.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

५.१.

दिवसभर पाऊस. दोनदा लाइट गेली. विश्वामित्रीचं पाणी किती चढलं, मगरी कुठे दिसल्या, ऑफिसात दुसरा विषय नाही. माझ्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकत होती, आणि अक्षरशः पालच.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिकडे रानात याची पिलं पहिल्यांदा उंदीर खातातच असं नाही. सरडे, पाली, झाडावरचे बेडूक यांवर त्यांची नजर. म्हणजे सात नंबर हट्टी नाही, त्याच्या मते मी त्याच्यासमोर अन्न ठेवलेलंच नाही. गेल्या महिन्यात मांजरीने ट्यूबलाइटमागच्या पालीवर झडप घातली होती. पाल सुटली, शेपूट राहिली. ती मी उचलून फ्रीझरमध्ये ठेवली होती. गोठवल्याने परजीवींचा धोका बराच कमी होतो. आईने डबी उघडून पाहिली तेव्हा काय झालं ते इथे नको.

आज शेपूट वितळवली, धुतलेल्या पिंकीच्या नाकावर चांगली चोळली, डबीत ठेवली, फडकं टाकलं, दिवा घालवला. दाराबाहेर उभं राहून ऐकू येण्यासारखं काहीच नसतं, तरी दहा मिनिटं उभी होते.

शनिवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळीच भाऊ-वहिनी सुरतेहून आले. राखी, नारळीभात, त्यांच्या पोरीचा दंगा. डबीकडे बघायचं साफ विसरले. संध्याकाळी पाच वाजता आठवलं तशी धावत वर गेले.

पिंकी नाही. फडकं उचलून पाहिलं, डबीखाली पाहिलं, टिश्यू उलटा केला. मग सात नंबरकडे पाहिलं. मधोमध वाटाण्याएवढा फुगवटा.

वजन केलं नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नसतो.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज गुजराती नागपंचमी. आपली नागपंचमी श्रावण शुद्धात, यांची वद्यात, त्यामुळे या शहरात नाग पंधरवड्यात दोनदा पुजला जातो. शेजारच्या मासी बाजरीच्या पिठाची, तूप-गुळाची कुलेर घेऊन आल्या. मी मोरीत डबे धूत होते. त्यांना माडीवरचं सगळं ठाऊक आहे. वर मात्र कधी चढत नाहीत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून बोलतात.

"पेला नानकाए खाधुं?"

खाल्लं, म्हटलं, आणि आज शीही केली. धुवायला काढलेला सात नंबरचा टिश्यू त्यांना दिसेल असा वर धरला. मासींनी पदर नाकाला लावला, आणि तसंच वाकून पाहिलं.