घर सोडायची बेगमी

मे संपत आला की दुपारी गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या असतात, त्यांवर कुरडया वाळत असतात, आणि कावळे हाकलायला बसवलेलं पोर काठी मांडीवर घेऊन पेंगत असतं. खाली तिखटाच्या बरण्यांना दादरे बांधले जातात, डाळीला एरंडेल चोळलं जातं. मृग लागायच्या आत हे सगळं उरकायचं, कारण पुढचे चार महिने घरातून बाहेर पडायची वेळ येऊ नये. घरात राहण्याची बेगमी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येते. घर सोडून जायची बेगमी मात्र लोणच्या-पापडांच्या यादीत कधीच नव्हती.

अशाच एखाद्या दुपारी दारामागच्या खुंटीवरची, पूर आला तर उचलून निघायची ती सॅक काढावी आणि पलंगावर उलटी करावी. मागच्या पुराच्या बातम्या बघून मोठ्या हौसेने भरलेली असते. आता तिच्यातून काय पडतं? बिस्किटांचा पुडा, ज्याचं पीठ झालंय. एक शिट्टी. एक क्रेप बँडेज. टॉर्च नाही, कारण मध्ये एकदा रात्री लाइट गेले होते. पॉवर बँक कुणाच्या तरी लग्नाला गेली ती आलीच नाही. सुट्ट्या नोटा दूधवाल्याला दिल्या, कात्री कुठल्याशा कुरिअरचं खोकं फोडायला नेली. शिट्टी तेवढी राहिली, कारण घरात कुणाला शिट्टी लागत नाही. ही पिशवी लुटायला पूर यावा लागत नाही.

यावर कुलपाचा उपाय करू नये. किल्ली सापडणार नाही. चेनच्या दोन कड्यांतून साधा शिवणाचा दोरा ओवून गाठ मारावी. हिसका दिला की तुटतो, पण तोडताना हात क्षणभर थांबतो, तेवढं पुरतं. आणि घरात रोजच्या वापराला दुसरी टॉर्च असू द्यावी.

या पिशवीला हल्ली सगळे इमर्जन्सी बॅग म्हणतात, काही जण गो-बॅग. आपल्याकडे बोचकं आहे, गाठोडं आहे, वळकटी आहे, शिदोरी आहे, पण यातलं एकही घाबरून निघालेल्या माणसाचं नाही. शिदोरी तर कुठेतरी पोचायच्या खात्रीने बांधलेली असते. पूर्वी एसटीने गावी जायचं तर आदल्या रात्रीच दाराशी सामान लागायचं: वायरची पिशवी, होल्डॉल, आणि फिरकीचा तांब्या. त्या तांब्याचं झाकण आटे धरून बसलं नाही की पाणी झिरपायचं आणि कुणाच्या तरी मांडीवर ओला गोल उमटायचा. दुधात भिजवलेल्या दशम्या तीन दिवस टिकतात म्हणून दशम्या. कडेच्या कप्प्यात सुई-दोरा, आल्याची वडी, ओकारी लागणाऱ्यासाठी लिंबू. कुणी शिकवलेलं नसताना केवढं बिनचूक सामान होतं ते! आताच्या पिशवीत त्यातलं निम्मं जसंच्या तसं चालतं. दशम्या तेवढ्या नाहीत, कारण निघायची तारीख ठाऊक नाही.

खाण्याचं म्हणून चिवडा भरू नये. तळणीचं तेल महिन्या-दीड महिन्यात खवट होतं आणि उपाशी पोटी खवट खाणं म्हणजे उलटीला आमंत्रण. फुटाणे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याची वडी, हवाबंद डब्यात कडक भाकरी. सांगली-सोलापूरकडच्या कडक भाकऱ्या नीट वाळलेल्या असल्या तर बरेच दिवस कुरकुरत राहतात. पण हवेला लागल्या की एका दिवसात चामडं. शिजवावं लागेल असं काहीच नको.

पाण्याचा हिशेब करायला बसलं की उत्साह उतरतो. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर चौघांचे बारा, म्हणजे बारा किलो, तेही एकाच दिवसाचे. हे खांद्यावर घेऊन कुणी जिना उतरत नाही. म्हणून प्रत्येकाची एक लिटरची बाटली, आणि बाकी पाणी जिथे असू तिथलं, शुद्ध करून. त्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं द्रावण. इथे बहुतेक जण एक चूक करतात: गढूळ पाण्यातच गोळी टाकतात. क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावं, वरचं पाणी चौपदरी कापडातून गाळावं, मग वेष्टनावर लिहिलंय त्या मापाने औषध घालून अर्धा तास थांबावं. पिताना किंचित वास आला पाहिजे. वास आवडत नाही म्हणून मात्रा कमी करणाऱ्यांसाठी पिशवीत ओआरएसची पाकिटं असतातच. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. शीग लावायची सवय इथे नडते. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपायच.

टॉर्चमध्ये सेल घालून ठेवू नयेत. वर्षभराने उघडली की आत पांढरी भुकटी धरलेली असते, स्प्रिंग खाऊन गेलेली. सेल वेगळ्या पिशवीत, टॉर्चलाच रबरबँडने बांधलेले. अंधारात बसवायची धास्ती वाटत असेल तर एक सेल मुद्दाम उलटा घालून ठेवावा. टॉर्च बंद राहते आणि वेळेला फक्त तो एक सेल फिरवायचा. पॉवर बँकेवर दहा हजार एमएएचचा (किती वीज साठते त्याचा) आकडा असतो, त्यावर भाळू नये. तो आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. पाच व्होल्टला चढवताना आणि उष्णतेत जे जायचं ते जाऊन पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दीड वेळा भरतो, दोनदा नाही. शिवाय नुसती पडून राहिली तरी उतरते, म्हणून तीन महिन्यांनी एकदा भरावी. गॅसचं सिलिंडर बदललं की पॉवर बँक भरायची, अशी एकाला दुसऱ्याची वेसण घातली की लक्षात राहतं.

पण पिशवीतलं खरं नाजूक प्रकरण म्हणजे कागद. पूर ओसरला की गाळ काढायच्या आधी पंचनामा येतो, आणि पंचनाम्याला ओळख लागते, पासबुक लागतं, घर कुणाच्या नावावर आहे ते लागतं. सातबारा आता ऑनलाइन निघतो, आधार पुन्हा छापून मिळतं. आजोबांच्या हातचा बाँड पेपरवरचा वाटणीचा कागद मात्र जगात एकच असतो. तो आधी. उरलेल्यांच्या झेरॉक्स पुरतात. झेरॉक्सच म्हणतोय, कारण तिची शाई म्हणजे उष्णतेने चिकटवलेली पूड असते, ती पाण्यात जात नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रत निळसर डाग होऊन जाते. फोन नंबर जेल पेनने लिहू नयेत, शिसपेन्सिलीने लिहावेत. शिसं पाण्याला भीत नाही. सहा-सात नंबर पुरे, त्यांत जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२. आपल्याच घरातल्या माणसांचे नंबर आता कुणाला पाठ नसतात, हे फोन बंद पडल्यावर कळतं.

हे सगळं झिपच्या पाकिटात घालतात आणि निर्धास्त होतात. ते पाकीट नेमकं कोपऱ्यावर फसतं, जिथे चेन संपते तिथे. हवा पूर्ण दाबून काढावी, तोंड दोनदा दुमडावं, आणि ते दुसऱ्या पाकिटात उलटं घालावं, म्हणजे दोन्हींची तोंडं एका बाजूला येत नाहीत. पाहायचं असेल तर आत टिश्यू पेपर घालून बादलीत दहा मिनिटं वजनाखाली बुडवून ठेवावं. टिश्यू खोटं बोलत नाही.

रोकड दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे टॉवर मुके होते. तिथे दुकानदाराच्या काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड नुसता चौकोन असतो, आणि पाचशेची नोट दाखवली तर तो सुटे मागतो.

औषधं तीन दिवसांची ठेवा असं बऱ्याच याद्या सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बरेच दिवस अडकून पडली. तेव्हापासून त्या भागात कुणी तीन दिवस म्हणत नाही, आठवडा म्हणतात. गोळ्या स्ट्रिपमधून काढून छोट्या डबीत भरू नयेत, डबीला मुदत छापलेली नसते. इन्सुलिन उघडल्यावर साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, मात्र बर्फाला थेट टेकवलं तर गेलंच. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, एवढं त्याला पुरतं. चष्म्याची जुनी जोडी याच कप्प्यात. नंबर थोडा मागचा असला तरी चालेल, रस्ता दिसतो.

मग हे सगळं घेऊन जिना चढून बघावा. उतरून नाही, चढून. पुरात माणूस वर जातो. तीन मजले दम न लागता झाले तर वजन ठीक. बहुतेकांचं सात-आठ किलोवर अडतं, म्हाताऱ्यांचं तीन-चारवर, आणि मग चादर काढायची की चिक्की यावर घरात वाद होतो. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्याचीच पिशवी. एक हात काठीला, कारण पाण्याखालची गटाराची झाकणं दिसत नाहीत.

जागा कुठली? माळ्यावर नाही, दिवाणाच्या पोटात तर अजिबात नाही. गादी उचलून फळी उघडेपर्यंत पाणी दिवाणात. दाराजवळ, छातीच्या उंचीला, खुंटीवर. सॅक काळी असेल तर पांढऱ्या कापडाची पट्टी बांधावी.

केव्हा निघायचं हे कुठल्याच पिशवीत भरता येत नाही. सांगलीत लहान पोरालाही विचारलं, पाणी किती, तर ते फुटांत सांगतं. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस आणि त्रेचाळीस. कृष्णा-पंचगंगेचं पाणी सहसा तास देऊन, इंचाइंचाने चढतं, आणि हीच त्याची फसवणूक आहे. ‘२००५ ला इथपर्यंत आलं होतं’ म्हणून भिंतीवर जी खूण दाखवतात, तिच्या भरवशावर २०१९ ला माणसं थांबली. तेव्हा आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. खूण बुडाली. चिपळूणचं वेगळं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने विचार करायलाही वेळ दिला नाही. तेव्हा इशारा पातळीला पिशवी खाली उतरवायची, फोन भरायचे, आणि धोका पातळीची वाट न बघता निघायचं. निघताना कोरड्या हाताने मेन स्विच बंद. सिलिंडरचा कॉक बंद करून, टोपी लावून ते खिडकीच्या गजाला बांधायचं, कारण रिकामं सिलिंडर तरंगतं आणि घरभर आपटत फिरतं. शौचालयाच्या भांड्यात वाळू भरलेली पिशवी, नाहीतर पाणी दारातून यायच्या आधी तिथून येतं. गोठ्यातलं दावं सोडायचं. हे विसरतं, आणि हे विसरलेलं माणूस पुढे आयुष्यभर विसरत नाही.

दारामागची पिशवी घरात असलेल्यालाच उपयोगाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई ऑफिसात, लोकलमध्ये, रस्त्यावर होती. तिच्यासाठी टेबलाच्या खणातली धाकटी पिशवी वेगळी: पाणी, चिक्की, शिट्टी, दोन दिवसांच्या गोळ्या.

आणि भूकंपाला तर पिशवी शोधायचीच नसते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर धाब्याचं ओझं. तिथे खुंटीपर्यंत जायलाच वेळ नव्हता. अशा वेळी हलणं थांबेपर्यंत मजबूत टेबलाखाली डोकं धरून बसायचं. त्यानंतर लागते ती एकच वस्तू, आणि ती हाताच्या अंतरावर हवी: चपला. सगळीकडे फुटलेली काच असते, लाइट नसतात, आणि अनवाणी माणूस चार पावलांत जायबंदी होतो.

म्हणजे चपला पलंगाखाली हव्यात. आणि आपल्या घरात चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत. यावर कुणाशी वाद घालून उपयोग नाही, घालून पाहावा वाटल्यास. त्यापेक्षा जुनी जोडी धुऊन, वाळवून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी पलंगाच्या पायाला बांधायची. पिशवीत गेल्या की त्यांना कुणी चपला म्हणत नाही, सामान म्हणतात.