सँडहिल्सच्या जुन्या टोपोशीट आणि त्यावरच्या पवनचक्क्या

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीच्या जुन्या टोपोशीटचा, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशांचा, मला सध्या नादच लागलाय. यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, त्यांनी आपले जुने नकाशे स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. पुण्यात भूगोल शिकताना टोपोशीट वाचायची सवय लागली, ती इथे ओमाहात कामी येतेय.

ही काउंटी सँडहिल्समध्ये येते. सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे 50,000 चौरस किलोमीटर. 1:24,000 प्रमाणाच्या शीटवर तपकिरी समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) नुसती दाटी आणि मधूनमधून निळी तळी. भूजल इतकं वर आहे की टेकड्यांमधल्या सखल जागी ते आपणहून उघड्यावर येतं. बाकी कुरणांत उपसावं लागतं. म्हणून शीटवर बारीक काळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा ‘विंडमिल’. रस्ता नाही, घर नाही, पण पवनचक्की आहे! गुरांना पाण्यासाठी फार लांब जावं लागू नये, अशा बेताने उभारलेली.

शाळांपाशी मी हमखास थांबते. काळा चौकोन, त्यावर चिमुकला झेंडा, आणि आसपास वस्ती जवळजवळ नाहीच. 1904 च्या किनकेड कायद्याने इथे वसायला येणाऱ्यांना 640 एकरांपर्यंत जमीन मिळायची. वाळूत शेती तगली नाही. बऱ्याच जणांनी जमिनी रॅन्चवाल्यांना, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांना, विकल्या आणि ते निघून गेले.

काही शीटवर जांभळा रंग दिसतो. हवाई छायाचित्रांवरून नंतर केलेली दुरुस्ती ती. जागेवर जाऊन तपासलेली नाही, असं समासात स्पष्ट छापलेलं असतं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

2009 पासून निघणारे ‘यूएस टोपो’ नकाशे संगणकावरच्या माहितीसाठ्यांतून तयार होतात. त्यासाठी कुरणं तुडवत कुणी हिंडत नाही, आणि मग पवनचक्क्या गळतात. चेरी काउंटीतल्या व्हॅलेंटाइन गावाच्या दक्षिणेकडची एक जुनी शीट मी केएमझी स्वरूपात (गुगल अर्थवर उघडणारी फाइल) उतरवून गुगल अर्थवर पसरली. जिथे ‘विंडमिल’ छापलंय, तिथे उपग्रहचित्रात गोल हौद आहे आणि चहूकडून गुरांच्या वाटा त्याच्याकडे आल्यात. नव्या नकाशावर त्या जागी फक्त समोच्च रेषा. खात्याने जुन्या शीटवरची ही चिन्हं नव्या नकाशांत आणावीत, असं मला मनापासून वाटतं.