तुम्ही विचारलंत म्हणून: कुणाचं देणं राहिलं आहे का?

"खरा मुसलमान कोणाला म्हणायचं?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी विचारला जातो, आणि तो विचारणारी माणसं दोन निरनिराळ्या वाटांनी येतात. पहिली माझ्या कचेरीतली, वर्षानुवर्षं एकत्र डबा खाल्लेली, कुठे स्फोटाची बातमी आली की ती मला धीर द्यावा तसं सांगतात, "ते कसले मुसलमान? खरे मुसलमान तुमच्यासारखे असतात." दुसरी आमच्या मोहल्ल्यातली तरुण मुलं, नुकतीच चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे धर्मप्रचाराचा दौरा, आटोपून आलेली, ती माझ्या गुळगुळीत हनुवटीकडे बघून अदबीनं विचारतात, "चाचा, खऱ्या मुसलमानानं सुन्नत सोडावी का?" सुन्नत म्हणजे पैगंबर साहेबांची रीत, इथं दाढीची. पहिल्यांनी मला उत्तीर्ण केलेलं असतं आणि दुसऱ्यांनी नापास, परीक्षा मात्र मी कुठल्याच मंडळाकडे दिलेली नसते.

तोंडावर उत्तर द्यायचं मी बहुधा टाळतो. आता पुन्हा एकदा विचारलंत म्हणून नीट लिहितो.

शाळेच्या पुस्तकात सापडणारं उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच: कलमा (अल्लाहखेरीज दुसरा देव नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित, ही कबुली), नमाज, रोजा, जकात (मालातून द्यायचा दानाचा वाटा) आणि ऐपत असल्यास हज. हे पाच स्तंभ मी नाकारत नाही, आणि "मन चांगलं असलं की पुरे, नमाज कशाला" असं म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. पण खुद्द कुराणातच ह्या प्रश्नावर एक अवघड प्रसंग आहे. 'हुजुरात' ह्या सुऱ्यात (अध्यायात) वाळवंटातले काही बदू, म्हणजे भटके टोळीवाले, येऊन सांगतात की आम्ही ईमान (श्रद्धा) आणलं. त्यावर पैगंबर साहेबांना सांगायला लावलेलं उत्तर असं की, तुम्ही अजून ईमान आणलेलं नाही. आम्ही ताबेदारी पत्करली, एवढंच म्हणा, कारण ईमान अजून तुमच्या काळजात उतरलेलं नाही. म्हणजे जमातीत दाखल होणं वेगळं आणि ईमान काळजात उतरणं वेगळं. पहिली गोष्ट चारचौघांना दिसते. दुसरी कुणाला दिसत नाही, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

ती दिसत नाही हे पैगंबर साहेबांनी स्वतः फार कडक शब्दांत सांगितलेलं आहे. उसामा बिन जैद हे त्यांचे लाडके तरुण साथीदार. एका चकमकीत समोरच्या शत्रूनं ऐन वाराच्या क्षणी कलमा उच्चारला, तरी उसामांनी त्याला ठार केलं, आणि परत आल्यावर सांगितलं की तो जिवाच्या भीतीनं म्हणाला होता. तेव्हा पैगंबर साहेबांनी विचारलं, "तू त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का?" हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, इतका की उसामांना वाटलं, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं. मोहल्ल्यातल्या मुलांना मी हा किस्सा सांगतो. त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला पाठ असतो, पण दाढीच्या बाबतीत तो लागू होतो असं त्यांना वाटत नाही.

काळीज चिरून पाहण्याची हौस मात्र इतिहासात वारंवार उफाळून आलेली आहे. ६५७ साली सिफ्फीनच्या लढाईत हजरत अली लवादाला राजी झाले, तेव्हा त्यांच्याच फौजेतला एक गट "निवाडा फक्त अल्लाहचा" असं म्हणत बाहेर पडला. ह्या खारिजींच्या, म्हणजे बाहेर पडलेल्यांच्या, इबादतीविषयी (उपासनेविषयी) कुणाची तक्रार नव्हती. सजदे करून करून त्यांच्या कपाळांना घट्टे पडले होते. त्यांच्यातल्याच एकानं ६६१ साली कूफ्याच्या मशिदीत अलींवर तलवार चालवली. पैगंबरांचा जावई, लहान वयात इस्लाम स्वीकारलेला माणूस त्यांच्या लेखी खरा मुसलमान उरला नव्हता! मी ज्या हनफी ह्या धर्मशास्त्राच्या परंपरेत वाढलो, तिचे इमाम अबू हनीफा ह्यांनी पुढं, पापामुळं कुणाला इस्लामबाहेर काढू नये, असा दंडक घातला, तो ह्याच वातावरणात.

आपल्या शेजारचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. पाकिस्तानातल्या पंजाबात १९५३ साली अहमदिया ह्या पंथाविरुद्ध दंगली झाल्या आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर व न्यायमूर्ती कयानी ह्यांना नेमण्यात आलं. त्यांनी मोठमोठ्या उलेमांना (धर्मपंडितांना) एकामागून एक बोलावून एकच साधा प्रश्न केला: मुसलमानाची व्याख्या काय? १९५४ च्या अहवालात त्यांनी नोंदवलं की कोणत्याही दोन आलिमांचं, म्हणजे पंडितांचं, एकमत झालं नाही, आणि एकाची व्याख्या मानली तर आपण त्याच्यापुरते मुसलमान ठरतो व बाकी सगळ्यांच्या लेखी काफिर. तरीही पुढं १९७४ साली तिथल्या संसदेनं घटना दुरुस्त करून, अहमदियांना मुसलमानांबाहेर काढून, व्याख्येचं काम स्वतःकडे घेतलंच. कचेरीतल्या मित्रांनी मला "खरा" ठरवलं की मला संकोच का वाटतो, ते ह्यावरून कळावं. आज ज्यानं प्रमाणपत्र दिलं, त्याला उद्या ते काढूनही घेता येतं.

मग माझ्यापुरतं उत्तर काय? ते मला किताबांच्या आधी आमच्या किराणा दुकानात मिळालं.

अब्बांचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. रोज सकाळी फळ्या काढल्यावर पहिलं काम तराजूचं. दोन्ही पारडी ते ओल्या फडक्यानं पुसून काढत, मग बोटानं खालची बाजू चाचपत, कारण पारड्याच्या खाली चिंचेचा गोळा चिकटवायची युक्ती त्या बाजारात कुणाला नवी नव्हती. गूळ मोजताना पारड्याला चिकटा लागू नये म्हणून कागद घालावा लागे. तेव्हा तेवढाच कागद ते वजनाच्या पारड्यातही टाकत आणि दांडी थांबेपर्यंत हात पाठीमागं बांधून उभे राहत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी दांडी थांबल्याशिवाय पुडी बांधायची नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "अब्बा, कागदाचं वजन ते किती!" ते म्हणाले, "आपण घाऊक माल घेताना बारदानाचं वजन वजा करून मागतो की नाही?" पुढं कितीतरी वर्षांनी कुराणाचा मराठी तर्जुमा वाचताना 'मुतफ्फिफीन' ह्या सुऱ्याची सुरुवात वाचली: घेताना भरून घेणाऱ्या आणि देताना कमी मोजणाऱ्यांचा नाश असो. तो कागद मला त्या दिवशी कळला.

त्याच्याहून मला जवळचा वाटतो तो 'माऊन' हा सात आयतींचा (वचनांचा) छोटा सुरा. त्यात विचारलं आहे, धर्माला खोटं ठरवणारा माणूस तुम्ही पाहिलात का? मला लहानपणी वाटायचं, आता मूर्तिपूजकाचं नाव येईल. येतो तो अनाथाला धक्के मारणारा आणि गरिबाला जेवू घालण्याबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस. त्याच्या मागोमाग, आपल्या नमाजीविषयी बेफिकीर असलेले, दिखावा करणारे आणि 'माऊन' अडवणारे नमाजी. माऊन म्हणजे घरातली साधी वापरायची वस्तू, शेजाऱ्यानं मागितली तर द्यावी अशी: बादली, पातेलं, कुऱ्हाड, चिमूटभर मीठ. घरात असलेलं पातेलं "नाही" म्हणून शेजारणीला परत पाठवणं इतकं गंभीर असेल असं आम्हाला कुणी खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) ठासून सांगितलं नाही. लाउडस्पीकरचा आवाज वाढवून जे विषय सांगितले, ते निराळे होते.

पैगंबर साहेबांनी एकदा साथीदारांना विचारलं, "दिवाळखोर कोण?" ते म्हणाले, ज्याच्याजवळ दाम नाही, चीजवस्तू नाही तो. त्यावर त्यांनी सांगितलं की माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) दिवाळखोर कयामतीच्या, म्हणजे अंतिम निवाड्याच्या, दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल. पण त्यानं कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा पैसा खाल्लेला असेल, आणि त्याच्या नेकीतून (पुण्यातून) एकेकाची भरपाई होता होता नेकी संपून जाईल. हिशेबनीस म्हणून नोकरी केलेल्या माणसाला ही भाषा लगेच समजते. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क त्या बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो, असं आमच्याकडे म्हणतात.

आणि ते किती जड आहे हे मी हजला निघालो तेव्हा समजलं. निघण्यापूर्वी सगळ्यांना भेटून "कहा-सुना माफ करना" म्हणायची रीत आहे. मी कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. हे गृहस्थ एकदा पदोन्नतीत मागं पडले होते आणि त्याच सुमारास मी त्यांच्या व्यसनाबद्दल साहेबांच्या खोलीत, नको तेव्हा, चवीनं बोललो होतो. पाठीमागच्या निंदेला कुराणानं मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिलेली आहे. मी माफी मागितली. ते हसून म्हणाले, "अहो, तुम्ही कसली माफी मागता? तुम्ही माझं काय वाईट केलंत?" चहा आला. मी तो प्यायलो आणि न सांगताच उठलो. हज झाला, लोक मला हाजीसाहेब म्हणू लागले; ते गृहस्थ निवृत्त होऊन दुसऱ्या शहरात गेले. म्हणून मला कुणी "खरा मुसलमान" म्हटलं की सगळ्यात आधी तो चहा आठवतो.

अब्बा गेले तेव्हा जनाजा समोर ठेवून, रिवाजाप्रमाणं, मी सफांकडे (नमाजीच्या रांगांकडे) तोंड करून म्हणालो की मय्यतीकडे, म्हणजे अब्बांकडे, कुणाचं काही देणं राहिलं असेल तर ते माझ्याकडे मागावं. एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढवायला खुद्द पैगंबर साहेब थांबले होते, आणि त्यांचे साथीदार अबू कतादा ह्यांनी ते कर्ज अंगावर घेतल्यावरच त्यांनी ती पढवली, असं हदीसमध्ये (पैगंबर साहेबांच्या आठवणींच्या संग्रहांत) आहे. सफांमधून कुणी बोललं नाही. चाळीस दिवसांनी दुकानाच्या वह्या चाळताना शेवटच्या पानावर अब्बांच्या अक्षरात एक नोंद सापडली: "गूळवाला, सांगली गाडी, देणे १४०." नाव नाही, गाव नाही.

मी सांगलीच्या गूळ बाजारात दोनदा जाऊन विचारलं. मौलवीसाहेब म्हणाले, शोधूनही सापडत नसेल तर त्याच्या नावानं तेवढी रक्कम सदका (दान) करा, पण उद्या तो आला आणि त्याला ते मान्य नसलं तर पुन्हा आपल्या खिशातून द्यावे लागतील. सदका मी त्याच आठवड्यात केला. एकशेचाळीस रुपयांचं एक पाकीट मात्र आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर "गूळवाला" एवढंच लिहिलेलं आहे, आणि ते कशाचं, हे मी मुलाला सांगून ठेवलं आहे.