तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या बॉयलरमध्ये छोटा घाणा

"५० लिटरच्या बॉयलरमध्ये किलोभर पानांचा अर्क काढता येतो का, की वेगळं लहान भांडंच घ्यावं?" घरी अर्क काढणारे मला हे इतक्यांदा विचारतात, की एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

येतो. मी स्वतः बहुतेक वेळा तेच करते. फक्त छोटा घाणा (घाणा म्हणजे अर्क काढायची एक खेप) म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: कमी माल आणि कमी पाणी. माल हवा तेवढा कमी घ्या. पाण्यात हात आखडू नका.

(मी फक्त पाण्याच्या वाफेवर पानाफुलांचा अर्क काढते, तेवढ्याबद्दलच लिहितेय. अल्कोहोलचं ऊर्ध्वपातन वेगळं. त्याची वाफ पेट घेते, आणि बऱ्याच देशांत ते घरी करायला कायद्याने बंदी आहे.)

माझ्या बॉयलरचा व्यास ४० सेंटीमीटर आहे, म्हणजे दर सेंटीमीटरला सव्वा लिटर पाणी. आत पाणी तापवणारी विजेची कॉइल आहे. तिची वरची कड तळापासून ६ सेंटीमीटरवर येते आणि तिच्यावर शेवटपर्यंत ३ सेंटीमीटर पाणी राहिलं पाहिजे असा माझा नियम आहे. म्हणजे ११ लिटरच्या वर पाणी नुसतं कॉइल बुडवून ठेवायलाच लागतं. वाफ होऊन जाणारं पाणी त्याहून वेगळं. दोन लिटर अर्क काढायचा तर मी १५ लिटर भरते. पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. पण ३ किलोवॅटच्या कॉइलवर एवढं पाणी अर्ध्या तासात उकळीला येतं. अर्ध्या तासासाठी कॉइल पणाला लावण्यात अर्थ नाही.

मी एकदा लावली होती. १० लिटरवर सुरू केलं आणि बाहेर किती पाणी येतंय त्याकडे लक्ष दिलं नाही. तीन लिटर निघून गेल्यावर आतला आवाज बदलला. उकळीची बुडबुड थांबून तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्र आवाज आला. बटण बंद करेपर्यंत अर्काला करपट वास लागला होता. सगळा ओतून द्यावा लागला, आणि पुढचे दोन घाणे नुसत्या पाण्याचे काढले तेव्हा कुठे नळीतला वास गेला.

वरच्या रिकाम्या जागेत सगळी वाफ अडकून बसेल, ही भीतीही बरेच जण बोलून दाखवतात. ती सोडून द्या. १०० अंशांना एक लिटर वाफेचं वजन जेमतेम ०.६ ग्रॅम असतं. ३५ लिटर जागा वाफेने भरली तरी पाणी २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड मोठा चमचा. खरं नुकसान उघड्या पत्र्यातून होतं. मोठं भांडं दोन-तीनशे वॅट सहज हवेत सोडतं. ३ किलोवॅटवर ते जाणवत नाही, पण किलोभर पानांसाठी मी कॉइल १ किलोवॅटवर आणते, तेव्हा चौथा हिस्सा तिथेच जातो. म्हणून भिंतींना आणि झाकणाला बाहेरून ग्लासवूलचं जाड आवरण घाला.

त्या रिकाम्या जागेचा धोका निराळाच आहे, आणि तो बंद करताना समोर येतो. कॉइल बंद झाली की तीच ३५ लिटर वाफ थंड होऊन दीड चमचा पाणी होते आणि भांडं आत ओढायला लागतं. कंडेन्सरच्या (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागाच्या) नळीचं टोक बरणीतल्या अर्कात बुडलेलं असेल तर अर्क उलटा वर चढतो. आधी बरणी काढायची, मगच बटण बंद. नळीचं तोंड कधीही बुडू द्यायचं नाही आणि कुठलाही व्हॉल्व्ह बंद ठेवायचा नाही.

आता मालाबद्दल. इथेच लोकांचे घाणे फसतात. पाण्याच्या वर बसवलेल्या ४० सेंटीमीटर रुंद जाळीवर किलोभर पुदिना पसरला की सहा-सात सेंटीमीटरचा थर होतो. वाफेला त्यात जिथे फट मिळेल तिथून ती सरळ वर जाते आणि बाकीची पानं नुसती गरम होतात. घाणा संपल्यावर थर उचलून पाहा. एका जागी पानं तपकिरी, लिबलिबीत झालेली असतात आणि कडेची अजून हिरवी. मी २० सेंटीमीटर व्यासाचं, तळाला भोकं पाडलेलं स्टीलचं नळकांडं आत बसवते. रुंदी निम्मी झाली की थराची उंची चौपट होते, आणि वाफेला पानांमधून बराच वेळ जावं लागतं. भोवतीची मोकळी जागा पत्र्याच्या चकतीने बंद करायची, सांध्यांवर कणीक थापायची. पानं मात्र ठासून भरू नका. वाफेला वाट राहिलीच पाहिजे, नाहीतर खाली दाब वाढतो.

"मोठ्यात लहान पातेलं ठेवून त्यात पानं-पाणी घातलं तर?" असंही विचारतात. मीही करून पाहिलंय. बाहेरचं पाणी खळखळून उकळत होतं, आतल्या पातेल्यातलं ९८ अंशांवर गेलं आणि तिथेच थांबलं. दोन तासांत बरणीत लिटरभर स्वच्छ पाणी जमलं, त्याला वास जवळपास नाहीच. बाहेरचं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, मग आतल्याला उकळायला लागणारी उष्णता येणार कुठून? जमलं होतं ते बाहेरचंच पाणी.

पुदिना, गवती चहा, रोझमेरी या सगळ्यांना वरची पद्धत चालते. गुलाबाला मी नाही म्हणते. पाकळ्या वाफेवर ठेवल्या की एकमेकींना चिकटून गोळा होतो, त्यांना पाण्यात मोकळं तरंगावं लागतं. किलोभर गुलाबतेलाला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात, तेव्हा किलोभर पाकळ्यांचं तेल ग्रॅमच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं, नळीच्या भिंतीलाच चिकटून संपणारं. मिळवायचं असतं ते गुलाबपाणी. त्याच्या वासातला मोठा वाटा फिनाइलइथाइल अल्कोहोलचा. ते पाण्यात विरघळतं, २१९ अंशांना उकळतं आणि वाफेबरोबर सावकाश निघतं. कॉइल बुडवण्यासाठी भरलेल्या त्या ११ लिटर पाण्यातच ते राहून जातं. म्हणून गुलाबासाठी ८ लिटरचं, कॉइल नसलेलं, सपाट बुडाचं भांडं मी वेगळं ठेवलंय. ते शेगडीवर मंद आचेवर चढवते, आणि पाकळ्या बुडाला लागू नयेत म्हणून आत तळापासून दोन बोटं वर जाळी बसवते.