कान्हेरीच्या रानात, ओढ्याकडून माथ्याकडे

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान पाहायचं तर फाल्गुनात, असं माझं मत आहे. पावसाळ्यात नुसता हिरवा पडदा असतो. आता पानं झडलेली, त्यामुळे कुठलं झाड कुणाशेजारी उभं आहे ते स्वच्छ दिसतं. होळीच्या आठवड्यात भाच्याला घेऊन सकाळच्या लोकलने निघालो.

उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांखालच्या ओढ्यात पाणी नव्हतं, पण काठ हिरवागार. करंज, उंबर, जांभूळ अगदी खांद्याला खांदा लावून. करंजाच्या शेंगा पुराबरोबर वाहत येतात आणि अडकतील तिथे रुजतात, म्हणून त्यांची अशी रांगच लागते.

जरा वर चढलो आणि रान एकदम मोकळं झालं. निष्पर्ण साग, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन.

"मामा, इथे झाडं एवढी लांब लांब का?"

मी त्याला वाटेकडेची कापलेली दरड दाखवली. वीतभर माती, खाली मुरूम, मग कातळ. पाऊस जून ते सप्टेंबर. पुढचे आठ महिने या वीतभर मातीतल्या ओलीवर काढायचे. मोठ्या झाडाला खेटून उगवलेलं रोप तहानेनं जातं. सागाच्या रोपाला तर सावलीही सोसत नाही. तरी मध्येच एका बुडख्यातून तीन-चार खोडं वर आलेली दिसतात. ती बहुधा जुन्या तोडीनंतरची फूट. पश्चिमेच्या उतारावर दुपारचं ऊन थेट येतं, तिथे रान आणखी विरळ.

कड्यालगत मात्र कारवीच्या काटक्यांची भिंत. ती मला फार आवडते. सात-आठ वर्षांनी सगळी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. नवी कारवी एकाच वयाची, इतकी दाट की दुसऱ्या रोपाला उजेड मिळणं कठीण.

माथ्यावर कातळ आणि वाळलं गवत. शंभराहून अधिक लेणी ज्या दगडात खोदली, तोच हा. त्याच्या भेगेत पाखरांनी टाकलेल्या बियांतून पायर नावाचं पिंपळाच्या कुळातलं एक झाड उगवलं होतं, आणि खाली एकटाच पळस पेटल्यासारखा फुललेला.

लेण्यांमधल्या पाण्याच्या टाक्यांपाशी डबा उघडला. भाचा खाली बघत होता. तपकिरी डोंगरातून हिरवी रेघ वळणं घेत गेली होती.

"मामा, तो आपला ओढा ना?"