काड्या नसलेला पतंग आणि तीन चाकं

आज हनुमान जयंती, चैत्र पौर्णिमा. सकाळी देवळात जाऊन सुंठवडा घेतला पण डोक्यात सगळी ओहोटीच होती. पौर्णिमा म्हणजे तिथी पंधरा, तिची पाऊणपट केली की सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती आणि साडेपाचला पाणी पार आत. हा हिशोब काकाने मला लहानपणीच शिकवलेला, तेव्हा त्याचा उपयोग फक्त कालवं काढायला कधी जायचं एवढाच होता. आता किनाऱ्यावर पतंगाने पळवायच्या या गाडीमुळे मी रोज कॅलेंडरवरची तिथी बघतो. त्रयोदशी ते पौर्णिमा आणि तसंच अमावस्येच्या आगेमागे, हे माझे दिवस, कारण उधाणाची ओहोटी नेमकी संध्याकाळी चार ते साडेपाचला येते आणि खारा वाराही त्याच वेळी भरात असतो. अष्टमीला उलटं, भर दुपारी ओहोटी आणि तीही भांगाची, म्हणजे पाणी फार आत न जाणारी, किनारा मिळतो जेमतेम.

गाडी म्हणजे काईट बग्गी. तीन चाकं, मध्ये जमिनीला टेकेल अशी खाली बसकी सीट, पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि हातात मोठा पतंग, तोच इंजिन. आत्ता जी बग्गी सगळीकडे दिसते ती न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास लोकांपर्यंत आणली. पण पतंगाने गाडी ओढायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी, इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. तिथे टोल घोड्यांच्या संख्येवर असायचा आणि यांच्या गाडीला घोडाच नाही, मग टोल कसला! हे वाचल्यापासून मला ते मास्तर फार आवडतात.

संक्रांतीनंतर कामाला लागलो. बाहेरून तयार बग्गी मागवायची तर माझ्या खिशाबाहेरचं काम, म्हणून ठरवलं की दापोलीत जे मिळेल त्यातूनच करायची. पहिली चूक सायकलची चाकं. घरात दोन जुन्या सायकली पडून होत्या म्हणून मोह झाला. एक तर ती अरुंद, वाळूत सुरीसारखी रुततात, आणि दुसरं म्हणजे सायकल वळताना झुकते त्यामुळे भार आऱ्यांच्या रेषेत राहतो, तीनचाकी झुकत नाही, पतंग आडवा ओढतो आणि सगळा जोर चाकाच्या कुशीवर येतो. दुसऱ्याच दिवशी मागचं डावं चाक पापडासारखं वाकलं. मग बांधकामावरच्या हातगाडीची हवेची चाकं आणली, ४.०० - ८ साईज, म्हणजे रिक्षाच्या टायरचीच. हवा कमी ठेवली की टायर पसरतो आणि ओल्या वाळूवर छान तरंगत जातो.

सांगाडा एक इंची काळ्या पाईपचा. मला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, हवा होता, गंजणार नाही म्हणून, पण वेल्डर दादा म्हणाले जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडीताप भरतो, काळाच घे आणि रेड ऑक्साईडचे दोन हात मार. ऐकलं ते बरं केलं. पुढच्या फोर्कला जुन्या बाईकचा कोनसेट, म्हणजे हँडल वळतं ती बेअरिंग, बसवला आणि फोर्कवरच आडवा पाईप टाकून त्यावर पाय ठेवायची सोय केली. डावा पाय पुढे दाबला की गाडी उजवीकडे वळते, पहिले दोन दिवस मेंदू गोंधळतो, मग आपोआप होतं. मागचा अॅक्सल मी पोकळ पाईपचाच केला होता, तो आठवड्यात मधून खाली बसला आणि चाकं वरून आत झुकली, मग २० मिलीमीटरचा भरीव ब्राईट बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळई, टाकला, त्यावर ६२०४ बेअरिंग बरोब्बर बसतात. सीट ताडपत्रीची, रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून ट्रकचे पट्टे लावून दुहेरी शिवून घेतली. सगळं मिळून पतंगासकट साडेसात हजारात बसलं. मला याचं खरंच समाधान आहे.

पतंग आईने शिवला. याला एकही काडी नाही, नुसतं कापड आणि त्याला खालून ढीगभर कन्नीच्या दोऱ्या, वारा भरला की तोच आकार घेतो. मूळ कल्पना फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगालो या नवराबायकोची, १९४८ मध्ये त्यांनी असलं पहिलं पंख स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडाचं केलं होतं, आणि पुढे नासाने तेच जेमिनी यान उतरवायला वापरता येईल का म्हणून तपासलं. आईला हे सांगितलं तर ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, पडद्याचं कापड यापेक्षा बरं असतं, हे नायलॉन सुईखालून सारखं पळतंय. दोऱ्यांसाठी हर्णैला मच्छीमारीच्या दुकानातून ब्रेडेड लाईन, म्हणजे विणलेली दोरी, आणली. मांजा किंवा साधा नायलॉन अजिबात नको, ताणतो आणि हात कापतो. मनगटाला पट्टे बांधून ते पतंगाच्या ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेत, हातातल्या मुठी सोडल्या की पतंग जीव सोडून खाली पडतो. हेल्मेट आणि हे पट्टे नसतील तर मी गाडीवर बसत नाही.

पण खरा प्रश्न वेगळाच निघाला. कर्द्याच्या किनाऱ्यावर दक्षिणेला लाडघरच्या दिशेने गाडी अशी सुटायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि परत येताना काही केल्या वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढायची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी किती वेळा पतंग गुंडाळून दोन-दोन किलोमीटर गाडी ओढत आणलीय ते माझं मला माहीत. या एकपदरी पतंगाची वाऱ्यावर चढायची ताकद मुळात कमी, ते मला करतानाच माहीत होतं, पण इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

परवा काका सुरूच्या सावलीत बसून बघत होता. तरुणपणी तो शिडाच्या मचव्यावर होता, आता बाहेर फारसा पडत नाही. मी घामाघूम होऊन आलो तर म्हणाला, "वाऱ्याच्या तोंडावर काय जातोस रे? त्याला आडवा जा. आधी वेग घे, मग हळूहळू वर चढव. थांबलेलं गलबत कधी वर चढतं काय?" मग वाळूत काठीने रेघा मारून दाखवलं. आणि अजून एक सांगितलं जे मी इतकी वर्षं इथे राहून कधी लक्षातच घेतलं नव्हतं, की दुपारी वारा सरळ पश्चिमेचा असतो आणि दिवस कलताना वायव्येकडे फिरतो. म्हणजे आधी उत्तरेला मुरुडकडे जायचं, वारा आडवा आहे तोवर, आणि परतीला तो पाठीशी घ्यायचा. मी दोन महिने नेमकं उलटं करत होतो.

आज चार वाजता पाण्याच्या कडेला गेलो. कडेलाच राहायचं, कारण वारा जमिनीकडे ओढतो आणि मागे सुरूची झाडं आहेत, शिवाय भरतीच्या रेषेच्या वर मी चाक नेतच नाही, कासवं तिथेच अंडी घालतात. पतंग थोडा पुढे, खाली धरला, आधी वाऱ्यापासून जरा लांब वळून गाडी पळू दिली. चाकांचा आवाज चुरचुर असतो तो बदलून नुसता सूं असा झाला, ओल्या वाळूचे बारीक शिंतोडे दंडावर यायला लागले, आणि मग पायाने अगदी थोडं, बोटभर, वर वळवलं. ओढ तुटली नाही! गाडी मुरुडकडे जातच राहिली. परत फिरून आलो तर जिथून सुटलो होतो तिथे वाळूत माझी चप्पल होती. चपलेशेजारी उभा राहिलो आणि मला काही सुचेना, काकाकडे बघून नुसता हात वर केला.

आत्ता विहिरीवर गाडी गोड्या पाण्याने धुतली, मीठ राहिलं तर बेअरिंग महिन्यात किरकिरायला लागतात, पुसून ग्रीस भरलं. पतंग पडवीत दोरीवर वाळतोय, एका टोकाला दोन बोटं शिवण उसवलीय, आईने आधीच बघितलं आणि सुई काढून ठेवलीय. उद्या प्रतिपदा, ओहोटी अजून पाऊण तास पुढे सरकणार, उजेड कमी मिळेल. जेवताना काकाने विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?" मी चार म्हटलं. तो म्हणाला, साडेतीन.