आधी विचारायचं, मग बसायचं: ॲलेगेनीच्या जंगलात हरणांच्या हंगामाची पहिली पहाट

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रायफलने हरणांची शिकार करायचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो. २०१८ पर्यंत तो सोमवारी सुरू व्हायचा आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९ पासून शनिवार ठरला, त्यामुळे आता नोकरदार माणसालाही पहिल्याच पहाटे जंगलात पोचता येतं. म्हणजे सगळ्यांत जास्त बंदुका त्या एका सकाळी जंगलात असतात. सार्वजनिक जमिनीवर पहिल्यांदा जाणाऱ्याने धास्ती हरणाच्या हुलकावणीची घेऊ नये, झाडीत न दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाची घ्यावी. हा वृत्तांत त्यासाठीच लिहितेय.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना आधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. लांडगे आणि कूगर (पुमा) या भागातून कधीच संपले, पांढऱ्या शेपटीची हरणं मात्र उदंड आहेत. ती कोवळी रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे जंगलाला नवी झाडं धरत नाहीत. परवाने, हंगाम आणि दर माणशी किती हरणं हे राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीवांचं खातं, ठरवतं.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि आमचे शेजारी. शेजारी सत्तरीला आलेले, लहानपणापासून याच डोंगरांत फिरलेले. पिट्सबर्गहून आय-७९ महामार्गाने उत्तरेला, मग आय-८० ने पूर्वेला आणि शिपेनव्हिलजवळून ६६ नंबरच्या रस्त्याने वर गेलं की मॅरिएनव्हिल हे छोटं गाव लागतं. दोन तासांच्या आसपासचा रस्ता आहे. पण आदल्या दिवशीच जा आणि राहण्याची सोय फार आधी करून ठेवा, कारण त्या शुक्रवारी तिथे खोली मिळणं मुश्कील असतं. गावाभोवती ॲलेगेनी नॅशनल फॉरेस्ट पसरलंय, वॉरन, मॅकीन, फॉरेस्ट आणि एल्क या चार काउंट्यांत (जिल्ह्यांत) मिळून साधारण पाच लाख एकर. ब्लॅक चेरीचे उंच सोट, ओढ्याकाठी सदाहरित हेमलॉकची काळोखी दाटी आणि मधेमधे बीचची झाडं.

शुक्रवारची दुपार शेजाऱ्यांनी नुसती चालण्यात घालवली, आणि एका जागेवर भिस्त न ठेवता तीन जागा हेरून ठेवल्या. त्यांचं म्हणणं, ज्याच्याकडे एकच जागा असते तो तिथे दुसरा माणूस बसलेला दिसला की हट्टाला पेटतो. ज्याच्याकडे तीन असतात तो निमूट पुढे जातो. जागा बघताना त्यांनी एक रिकामं मचाणही दाखवलं, झाडाला पट्ट्याने बांधलेलं. मालक कुठे दिसत नव्हता. कुणी मचाण बांधलं म्हणून सार्वजनिक जमिनीचा तुकडा त्याचा होत नाही, पण दुसऱ्याच्या मचाणावर चढून बसणं हा उद्धटपणा आहे आणि धोकाही, कारण त्याचे पट्टे किती जुने आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. तो पहाटे येणारच असं धरून तिथून लांब जागा निवडायची.

पहाटे पाचला बंद फाटकापाशी खडीच्या जागेत आमच्याआधी एक पिकअप उभा होता. आत दोघे भाऊ कॉफी पीत बसलेले. फाटक अडणार नाही अशा बेताने आम्ही गाडी लावली. रायफली पेटीतच राहू देऊन शेजारी रिकाम्या हातांनी त्यांच्या खिडकीपाशी गेले. नमस्कार झाला आणि लगेच प्रश्न, “तुम्ही कुठे बसणार?”

“ओढ्याच्या काठाने, हेमलॉकमध्ये.”

“तोंड कुठल्या दिशेला?”

“पूर्वेला, चढाकडे.”

मग बॉनेटवर कागदी नकाशा पसरला गेला. हेडलॅम्पच्या लाल उजेडात थोरल्या भावाने हातमोज्याच्या बोटाने आपलं झाड दाखवलं आणि नकाशावर ओला डाग पडला. आमची पहिली पसंती होती ओढ्याच्या वरच्या अंगाची डोंगराची सोंड. पण वारा वायव्येकडून होता. आम्ही तिथे बसलो असतो तर आमचा वास उतरून थेट त्यांच्या हेमलॉकमध्ये गेला असता आणि हरणं त्यांच्याकडे फिरकलीच नसती. शेजाऱ्यांनी ती सोंड तिथल्या तिथे सोडली. “आम्ही रस्त्याच्या दक्षिणेला, पलीकडच्या घळीत जातो. रस्त्याकडे पाठ, तोंड दक्षिणेला.” धाकटा भाऊ खाली उतरला आणि त्याने हात मिळवला. सगळं पाचेक मिनिटांत आटोपलं.

किती अंतर सोडायचं, हे मला सगळे विचारतात. मला तरी कुठल्या नियमात दोन शिकाऱ्यांमधल्या यार्डांचा आकडा सापडलेला नाही. जो आधी येतो त्याची जागा, एवढीच रीत. मोकळ्या चेरीच्या रानात नोव्हेंबरात पानं झडलेली असतात, तिथे मी तीन-चारशे यार्डांच्या आत बसणार नाही. मध्ये डोंगराची धार असेल तर त्याहून कमी अंतर चालेल. पण दोघांची तोंडं एकाच खिंडीकडे असतील तर पाचशे यार्डही कमीच, कारण हरीण दोघांच्या मधूनच येणार आणि दोघेही एकमेकांच्या दिशेने नेम धरणार. थर्टी-ऑट-सिक्ससारख्या रायफलची गोळी मोकळी सुटली तर दोन-तीन मैल जाऊ शकते. त्यामुळे यार्ड मोजण्याआधी बघा की तुमच्या गोळीमागे मातीचा चढ आहे का. धारेवर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर कधीच गोळी झाडू नका. पलीकडच्या उतारावर कोण बसलंय हे कुणालाच दिसत नसतं.

बीचपासून सावध राहा. त्याची कोवळी झाडं हिवाळाभर फिकट, कागदासारखी पानं धरून ठेवतात. घळीत बसल्यावर मी नवऱ्याला साठ-सत्तर पावलांवर बीचच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं. नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घातलेला माणूस, आणि मला दिसत होती फक्त टोपीची टोकाची पट्टी. या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी रंग चारी बाजूंनी दिसलाच पाहिजे, असा राज्याचा नियम आहे. मी म्हणेन, पाठीवरच्या पिशवीलाही नारिंगी कापड बांधा, कारण पिशवी अडकवली की जाकिटाची पाठ झाकली जाते.

उजाडायच्या आधी घळीच्या तोंडाशी दोन हेडलॅम्प हलताना दिसले. शेजाऱ्यांनी हात हलवला नाही, शीळही घातली नाही. अंधुक उजेडात हलणारा हात हरणाच्या शेपटीसारखा दिसू शकतो. त्यांनी बॅटरी लावून स्थिर धरली. समोरचे दिवे थांबले. मग शेजारी सरळ माणसाच्या आवाजात बोलले, “गुड मॉर्निंग, इथे तिघं आहोत.” विशीतली दोन पोरं होती. बोलण्याइतकी जवळ आली आणि एकाने विचारलं, “आम्ही कुठून जाऊ?” हा प्रश्न मला फार आवडला. शेजाऱ्यांनी त्यांना आमच्या पाठीमागून, पश्चिमेच्या सोंडेपलीकडे जायला सांगितलं. समोरून गेली असती तर आमची सकाळ वाया गेली असती, आणि उजाडताना ती आमच्या नेमाच्या टापूत असती. बसलेल्याच्या पाठीमागून का जायचं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

नेम धरायला परवानगी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. त्या अर्ध्या तासात जे काही हललं ते मी गळ्यातल्या दुर्बिणीतून बघितलं, रायफलीवरच्या दुर्बिणीतून एकदाही नाही. रायफलीच्या दुर्बिणीत माणूस दिसणं म्हणजे त्याच्यावर नळी रोखलेली असणं. नव्या माणसाने वेगळी दुर्बीण घेतल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नये, या मताचा मी आग्रह धरते.

साडेनवाच्या सुमारास उत्तरेला एक बार झाला. बऱ्याच वेळाने एक नर, मागचा पाय ओढत, रस्ता ओलांडून आमच्या घळीत उतरला आणि ऐंशीएक पावलांवर कोसळला. बर्फावर रक्ताचे थेंब नाण्याएवढे, मग मोठे. नवरा उठायला लागला, तर शेजाऱ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ते त्यांचं आहे.” आम्ही काडतुसं काढून रायफली झाडाला टेकवल्या आणि बसून राहिलो. अर्ध्या तासाने माग काढत धाकटा भाऊ आला. रस्त्यावरच थांबून त्याने हाक मारली, कारण सकाळच्या बोलण्यातून घळीत आम्ही आहोत हे त्याला माहीत होतं. आम्ही हात करून जागा दाखवली. हलवण्याआधी हरणाच्या कानाला टॅग, म्हणजे माहिती भरलेली चिठ्ठी, लावायचा असतो. त्याचं बॉलपेन गारठ्याने बंद पडलं, मी शिसपेन्सिल दिली. पेन्सिल जवळ ठेवा, फार कामी येते. मग चौघांनी मिळून हरीण रस्त्यापर्यंत ओढलं. आम्हाला त्या दिवशी काही मिळालं नाही.

असे प्रसंग नेहमी सुरळीत पार पडतात असं नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात मचाणावर बसण्यावरून वाद पेटला आणि सहा शिकाऱ्यांचा जीव गेला. ती जमीन खासगी होती, गोळ्या झाडणारा आग्नेय आशियातून आलेल्या मंग (Hmong) समाजातला होता, आणि वांशिक शिवीगाळीचा मुद्दा खटल्यात आला. सावळ्या रंगाचे आपण लोक या जंगलात थोडे आहोत, त्यामुळे ही घटना मनात येतेच. म्हणून मी पार्किंगमध्ये स्वतः पुढे होऊन बोलते, आणि हद्दीबाबत काटेकोर असते. फोनवर ऑनएक्स हे ॲप घ्या, सार्वजनिक आणि खासगी जमिनीची सीमा त्यात दिसते. जंगलात रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले की थांबा. २०२० पासून इथे त्याचा अर्थ प्रवेशबंदी असाच आहे. कुणाच्या घराच्या दीडशे यार्डांत रायफल चालवता येत नाही, आणि रस्त्याच्या आरपार गोळी झाडता येत नाही. दुपारी काही टोळ्या हाका घालतात: काही जण रान उठवत येतात, बाकीचे पुढे दबा धरून बसतात. असा हाका जवळ येताना ऐकला तर बोलून आपली जागा सांगा, आणि तरी मनाला खात्री वाटत नसेल तर निघून या.

आता कागदपत्रं. पहिल्या परवान्याआधी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. एच-१बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक जवळ बाळगायला संघीय कायद्याने मुळात मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. म्हणून मित्राची रायफल हातात घेण्याआधीही परवाना खिशात हवा, आणि एकदा वकिलाला विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

ज्यांना शिकार करायचीच नाही, फक्त ट्रेकला जायचंय, त्यांनीही लक्षात ठेवा: राज्याच्या गेम लँड्सवर, म्हणजे गेम कमिशनच्या जमिनींवर, १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात चालणाऱ्यालाही नारिंगी रंग घालावा लागतो. मुलांना आणि कुत्र्यालाही घाला.

मांस जास्त झालं तर ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही संस्था १९९१ पासून ते अन्नछत्रांपर्यंत पोचवते. ठरलेल्या खाटिकाकडे हरीण नेऊन द्यायचं, एवढंच. गर्दी नको असेल तर हंगामातला मधला मंगळवार-बुधवार धरा. नाहीतर नाताळनंतर चकमकीच्या गारेने बार उडवणाऱ्या जुन्या धर्तीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो, तेव्हा त्याच फाटकापाशी गाडी लावायला जागा मिळते. बर्फ मात्र गुडघाभर असू शकतो, टायर बघून निघा.